संरक्षक श्वानांच्या जर्मन आज्ञा : उगम, उपयोग आणि समजुती

राखणीसाठी किंवा पोलिसी कामासाठी तयार केलेल्या कुत्र्याला घरातल्या भाषेत ‘बस’, ‘ये’, ‘सोड’ असे न सांगता ‘झिट्स’, ‘हीअर’, ‘आउस’ अशा जर्मन शब्दांनी हुकूम देण्याची रीत जर्मनीबाहेर, विशेषतः अमेरिकेत, इतकी रुळली आहे की कुत्र्याच्या हस्तकाला, म्हणजे त्याला सांभाळून त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या माणसाला, जर्मन भाषेचे दुसरे एक अक्षर येत नसले तरी हे दहा-बारा शब्द मात्र पाठ असतात. या रीतीचे समर्थन साधारणपणे तीन प्रकारे केले जाते. जर्मन शब्द आखूड आणि खणखणीत असतात, हे एक. चोराला ते ठाऊक नसल्यामुळे त्याला कुत्र्याला फितवता येत नाही, हे दुसरे. आणि अशी कुत्री मुळात जर्मनीतूनच शिकून येतात, हे तिसरे. इतिहास आणि प्राणिवर्तनाचे संशोधन शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर तिसरे कारण सर्वांत भक्कम, पहिले अर्धेमुर्धे खरे आणि दुसरे जवळजवळ पोकळ ठरते. गंमत अशी की कुत्री विकणाऱ्यांचा सगळा भर नेमका दुसऱ्यावर असतो.

या शब्दांचा प्रवास समजण्यासाठी १९व्या शतकाच्या अखेरीकडे जावे लागते. बेल्जियममधील गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी कुत्र्यांचा पद्धतशीर वापर सुरू केला आणि त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी जर्मनीत कार्ल्सरूहे येथे माक्स फॉन श्टेफानिट्झ या माजी घोडदळ अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह जर्मन शेफर्ड संघाची स्थापना केली. मेंढपाळांकडच्या कामसू कुत्र्यांतून एक निश्चित जात घडवावी हा त्याचा हेतू होता आणि होरांड फॉन ग्राफराट हा कुत्रा त्या जातीच्या वंशनोंदीत पहिला नोंदला गेला. श्टेफानिट्झचा आग्रह रूपापेक्षा उपयुक्ततेवर होता. परंतु कारखानदारीच्या रेट्यात मेंढपाळीच मागे पडू लागल्यावर या कुत्र्याला काम कोणते द्यायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि पोलीस व सैन्य हे त्याचे उत्तर ठरले. १९०१ मध्ये संघाने ‘शुट्झहुंड’, म्हणजे संरक्षक श्वान, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेचा पाया घातला. कुत्र्याची धडाडी, त्याचा संयम आणि माणसाशी जुळवून काम करण्याची त्याची तयारी जोखून पैदाशीसाठी योग्य नर-माद्या निवडणे, हा या परीक्षेचा मूळ उद्देश होता; घरोघरी पहारेकरी पुरवणे हा नव्हता, ही गोष्ट आज बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे.

प्रशिक्षणाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः कोनराड मोस्ट या प्रशियन पोलीस अधिकाऱ्याकडे जाते. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या श्वानप्रशिक्षणावरील ग्रंथाची धारणा अशी की कुत्र्याला शब्दाचा अर्थ कळत नाही आणि नीतीअनीतीही कळत नाही. ठराविक ध्वनी, त्यामागोमाग घडणारी कृती आणि तिचा सुखद वा दुःखद परिणाम यांची सांगड मात्र त्याच्या मनात घट्ट बसते. म्हणून हुकूम नेहमी एकच हवा, एकाच पद्धतीने उच्चारलेला हवा आणि त्याची वेळ अचूक हवी. वर्तनवादी मानसशास्त्र पाठ्यपुस्तकांत रुळण्याआधीचे हे विवेचन आहे. मोस्टच्या पद्धतीत सक्तीचा भाग मोठा होता आणि आजच्या दृष्टीने तो पुष्कळसा त्याज्य आहे. तरीही जर्मन परंपरेत आज्ञेला ‘ह्योरत्सायखेन’, म्हणजे कानाने ऐकायची खूण, असे जे नाव आहे त्यामागची दृष्टी हीच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने सुमारे ३०,००० कुत्री वापरली असे मानले जाते आणि त्या काळात ही शिस्त पोलीस ठाण्यांतून छावण्यांत आणि तेथून सामान्य श्वानप्रेमींच्या मैदानांवर पोचली.

ही परीक्षा आज आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांखाली घेतली जाते. तिचे नाव काळानुसार बदलत गेले आणि २०१९ पासून ‘आयजीपी’ हे नाव लागू आहे. त्यातून ‘संरक्षण’ हा शब्दच गळून उपयुक्त श्वानांची परीक्षा असा सौम्य अर्थ आला, यात युरोपीय लोकमताचे दडपण दिसते. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकाला १०० गुण असतात व उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात ७० मिळवावे लागतात. एखादा कुत्रा संरक्षणात वाघ असला तरी गवतावरचा तासाभरापूर्वीचा माग नाक जमिनीला लावून शांतपणे काढू शकला नाही, तर तो नापास होतो. या तिहेरी अटीमुळेच चावरेपणा आणि धैर्य यांत फरक करणे शक्य होते.

संरक्षणाचा विभाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण आज्ञांचे खरे मोल तेथेच कळते. वरच्या पातळीवर मैदानाच्या दोन्ही कडांना मिळून सहा आडोसे उभारलेले असतात आणि हस्तक मधल्या काल्पनिक रेषेवरून चालत कुत्र्याला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाठवतो. शेवटच्या आडोशामागे जाड बाही घातलेला मदतनीस, म्हणजे चोराची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस, निश्चल उभा असतो. तो हलत नाही तोवर कुत्र्याने त्याला स्पर्शही करायचा नसतो. अगदी समोर उभे राहून, नजर न हटवता, दमदार आवाजात भुंकत राहायचे असते. मदतनीस पळू लागला किंवा अंगावर आला तरच बाही पकडायची, आणि तीही पूर्ण जबड्याने, कारण पुढच्या दातांनी चिमटे काढणारा कुत्रा घाबरलेला असतो असे परीक्षक मानतात. मऊ काठीचे फटके बसूनही पकड ढिली पडता कामा नये. मग मदतनीस थांबतो, क्षणभर सगळे स्तब्ध होते आणि हस्तकाच्या ‘आउस’ या एका शब्दासरशी पकड सुटली पाहिजे. अंगातले सगळे वारे एका दिशेने धावत असताना ते एका अक्षरावर थोपवणे हा या परीक्षेचा कळस आहे. पहिल्या हुकमाला न सोडणाऱ्याचे गुण कापले जातात आणि जादा हुकूम देऊनही न सोडणारा कुत्रा बाद होतो.

आज्ञांचा संच फार मोठा नाही. ‘झिट्स’ म्हणजे बसणे, ‘प्लाट्स’ म्हणजे आडवे होणे, ‘श्टे’ म्हणजे जागीच उभे राहणे, ‘ब्लाइप’ म्हणजे थांबून राहणे, ‘हीअर’ म्हणजे जवळ येणे आणि ‘फूस’ म्हणजे हस्तकाच्या डाव्या पायाला लगटून चालणे. ‘झूख’ ही शोधण्याची, ‘ब्रिंग’ ही वस्तू आणण्याची, ‘फोरान’ ही पुढे धावण्याची, ‘गिप लाउट’ ही भुंकण्याची, ‘पास आउफ’ ही सावध होण्याची आणि ‘फास’ ही पकडण्याची खूण. आज्ञा कोणत्या भाषेत द्यावी याचे बंधन आंतरराष्ट्रीय नियमांत नाही. एका कृतीसाठी एकच आज्ञा हवी, एवढीच अट आहे. इतकेच नव्हे, तर कुत्र्याचे नाव घेऊन त्याला जोडून आज्ञा दिली तर ती दुहेरी आज्ञा समजून गुण कापले जातात. म्हणजे ज्या परीक्षेने हे शब्द जगभर नेले, तिचा स्वतःचा जर्मनचा हट्ट नाही.

हे शब्द टिकले ते व्यवहारामुळे. जर्मन संघाने कामाची परीक्षा आणि पैदाशीची परवानगी यांची गाठ घातल्यामुळे तेथे परीक्षा उत्तीर्ण झालेला, कागदपत्रांसह येणारा प्रौढ कुत्रा ही एक मोलाची वस्तू बनली. १९७० च्या दशकात अमेरिकेत शुट्झहुंड मंडळे उभी राहू लागली तेव्हा कुत्रे, प्रशिक्षक, नियम आणि शब्द हे सगळे एकाच खेपेत आले. पोलीस दलांनीही युरोपातून तयार कुत्री घ्यायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षे एका ध्वनीशी जोडलेली सवय मोडून नवी लावण्यापेक्षा हस्तकाने दहा शब्द पाठ करणे कितीतरी सोपे होते. याला पुरावा असा की जेथून कुत्रे आले तेथले शब्द आले. चेक प्रजासत्ताकातून, जेथे शीतयुद्धाच्या काळात सीमारक्षक दलाने स्वतःची पैदास केली होती, आलेल्या कुत्र्यांना ‘सेदनी’, ‘लेहनी’, ‘पुस्त्य’ असे चेक हुकूम कळतात. नेदरलँड्समधील पोलीस श्वान परंपरेतून आलेले कुत्रे ‘झिट’, ‘आफ’, ‘लोस’ या डच शब्दांवर चालतात. आणि फ्रेंच ‘रिंग’ या श्वानक्रीडेत वाढलेला मालिन्वा जातीचा कुत्रा ‘आसी’ व ‘कूशे’ ओळखतो. उलट दिशेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे: मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कोली कुत्र्यांना खुद्द जर्मनीतही इंग्रजी हुकूम दिले जातात, कारण ती जात आणि तिच्या स्पर्धा ब्रिटनमधून आल्या. आज्ञा जातीच्या पाठीवर बसून प्रवास करते. त्या भाषेच्या नादात काही जादू आहे असे मानण्याची गरज उरत नाही.

चोराला भाषा कळत नाही म्हणून कुत्रा सुरक्षित, हा युक्तिवाद विक्रीच्या पत्रकांत शोभतो, मैदानात टिकत नाही. बाही पकडलेल्या कुत्र्याच्या कानात स्वतःच्या हस्तकाचा ‘आउस’ शिरावा यासाठी महिनोन्‌महिने खपावे लागते. तेथे अनोळखी, घाबरलेल्या, धावणाऱ्या माणसाने कोणत्याही भाषेत ‘बस’ म्हटल्याने काही होईल ही अपेक्षाच भाबडी आहे. कुत्रा शब्दाबरोबर आवाज ओळखतो, उभे राहण्याची ढब ओळखतो, आज्ञा कोणत्या प्रसंगी येते हेही ओळखतो. शिवाय चित्रपट आणि आंतरजाल यांच्या कृपेने ‘झिट्स’ आणि ‘प्लाट्स’ आता गुपित राहिलेले नाहीत. या समजुतीची उलट बाजू अधिक काळजीची आहे. घरात कुत्रा आहे आणि त्याचे हुकूम एकट्या घरधन्यालाच येतात, अशा घरात घरधनी बाहेर असताना पाहुण्याच्या हाताला पकड बसली, तर ती सोडवणार कोण?

राहिला प्रश्न नादाचा. कुत्र्याच्या श्रवणाविषयी गेल्या काही दशकांत झालेले संशोधन येथे उपयोगी पडते. लाइपझिगमधील संशोधकांनी २००४ मध्ये रिको नावाच्या बॉर्डर कोलीला २०० हून अधिक वस्तूंची नावे ओळखता येतात असे दाखवले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील चेसर या कुत्रीने १,०२२ नावे शिकल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा शब्दसंख्येची अडचण नाही. अडचण आहे ती सारख्या शब्दांची. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठात फुकुझावा, मिल्स आणि कूपर यांनी २००५ मध्ये ओळखीच्या आज्ञेतला एखादा वर्ण बदलून पाहिला, तेव्हा कुत्र्यांचा प्रतिसाद खालावला. आज्ञा ध्वनिमुद्रित असली किंवा देणारा पडद्याआड असला तरी तो घसरला. बुडापेस्टमधील २०२० च्या एका प्रयोगात मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या गेल्या. त्यात ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूने टिपला, परंतु ओळखीच्या शब्दात एकच वर्ण बदलून केलेला निरर्थक शब्द त्यांना वेगळा वाटल्याचे दिसले नाही. आता ‘फूस’ आणि ‘फास’ हे दोन हुकूम पाहावेत. एकात पायाशी यायचे आहे, दुसऱ्यात माणसाला पकडायचे आहे, आणि दोहोंत फरक केवळ एका स्वराचा आहे. जर्मन माणूस तो स्वर जन्मापासून वेगळा काढतो. परदेशी हस्तक पहिल्याचा उच्चार ‘फस’ करून दोन्ही शब्द एकमेकांच्या उंबऱ्याशी आणून ठेवतो. जर्मन आज्ञा स्पष्ट असतात म्हणून निवडाव्यात असे सांगणाऱ्यांनी या जोडीकडे दुर्लक्ष केलेले असते.

तरीही परभाषेला एक खरा लाभ आहे आणि तो जर्मनपुरता मर्यादित नाही. मराठी घरात ‘बस’ हा शब्द दिवसभर कानांवर पडतो: पाहुण्यांना ‘बसा’, मुलाला ‘गप बस’, आणि पुरे या अर्थी पुन्हा ‘बस’. यांतले बहुतेक उच्चार कुत्र्यासाठी नसतात आणि त्यांमागोमाग त्याच्या बाबतीत काहीच घडत नाही, त्यामुळे शिकवलेली सांगड पातळ होते. २०२२ मध्ये बुडापेस्टमध्येच १८ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात घरातली भाषा आणि अनोळखी भाषा यांना त्यांचा मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो असे आढळले. त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल, पण बोलण्याच्या ओघात न मिसळणारा शब्द आज्ञेसाठी सोयीचा, हे अनुभवाशी जुळते. ‘हाड’ आणि ‘छू’ हे कुत्र्यासाठीच राखलेले मराठी शब्द याच कारणाने इतके परिणामकारक असावेत. माणसाच्या नकळत त्याच्या अंगाने दिलेल्या खुणा हा या विषयाचा आणखी एक पदर आहे: बर्लिनचा गणित सोडवणारा घोडा ‘हान्स’ प्रश्नकर्त्याच्या मानेची बारीक हालचाल वाचत होता, हे ओस्कार फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवले, आणि श्वानपरीक्षेत हस्तकाने खांदा किंवा हात हलवून दिलेल्या मदतीचे गुण आजही कापले जातात.

भारतात जर्मन आज्ञांची परंपरा सरकारी दलांत रुजली नाही, याचे कारणही जातीच्या प्रवासातच सापडते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन हे नाव नकोसे झाल्यामुळे या कुत्र्याला ‘अल्सेशियन’ म्हटले गेले, १९७७ मध्ये तेथील केनेल क्लबने जुने नाव परत दिले. महाराष्ट्रातली जुनी पिढी मात्र अजून अल्सेशियनच म्हणते. जात ब्रिटिशांच्या हातून आली तसे ‘सिट’, ‘डाऊन’, ‘हील’ हे शब्दही आले असे मानण्यास जागा आहे. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाचे केंद्र आणि मेरठचे लष्करी केंद्र या आजच्या प्रमुख संस्था आहेत. भारत-तिबेट सीमा पोलिसांनी २०२१ मध्ये आपल्या मालिन्वा पिल्लांना ‘गलवान’, ‘श्योक’ अशी लडाखमधल्या ठिकाणांची नावे दिली. नावे देशी होणे ही हुकूम देशी होण्याच्या तुलनेने सोपी पायरी आहे. मुंबई-पुण्यातल्या खाजगी बाजारात जर्मन शब्द आहेत, पण ते बहुधा प्रतिष्ठेचा भाग म्हणून. अशा कुत्र्याने कोणाला इजा केली तर हुकमाची भाषा कोणी विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्यापासून माणसाला होणारा धोका टाळण्यात हयगय केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

शब्द घेतले आणि पद्धत मागे ठेवली, असेही पुष्कळदा झाले आहे. जर्मन परीक्षेत निश्चल माणसाला गाठून केवळ भुंकायचे असते, तर अमेरिकेतील अनेक पोलीस दले गाठताक्षणीच पकडायला शिकवतात आणि वर हुकूम जर्मनमध्ये देतात. त्यातून होणाऱ्या जखमांवरून तेथे दीर्घकाळ खटले व वाद चालू आहेत. दरम्यान जर्मनी स्वतः पुढे सरकला. विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्याचा वापर तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये बेकायदा ठरवला आणि १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टा किंवा इतर वेदनादायक साधन वापरण्यास नियमानेच मनाई झाली. याचा सर्वाधिक ताण ‘आउस’वर पडला, कारण पकड सोडवण्यासाठी जुनी पिढी याच साधनांवर विसंबून होती. आता तोच हुकूम अदलाबदलीने शिकवला जातो: चेंडू सोडला की लगेच दुसरा चेंडू, बाही सोडली की मदतनीस पुन्हा हलतो आणि पुन्हा पकडायला मिळते, म्हणजे सोडणे हीच पुढच्या खेळाची किंमत होते. यात वेळ अधिक लागतो आणि फार तापट कुत्र्याच्या बाबतीत ही पद्धत पुरी पडते की नाही याविषयी प्रशिक्षकांत एकमत नाही.

आयात केलेल्या कुत्र्याची आज्ञा बदलायची झाल्यास रीत ठरलेली आहे: आधी नवा शब्द, क्षणभराने जुना, मग कृती आणि बक्षीस. काही दिवसांत कुत्रा जुन्या शब्दाची वाट न पाहता नव्यावरच बसू लागतो. क्रम उलटला, म्हणजे आधी ओळखीचा शब्द उच्चारला, तर नव्याकडे लक्ष देण्याचे त्याला कारणच उरत नाही आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. बसणे, येणे, थांबणे या आज्ञा अशा रीतीने मराठीत आणायला हरकत नाही. ‘आउस’ मात्र आहे तसाच ठेवून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच उच्चारात शिकवणे आणि प्रत्येकाने तो प्रत्यक्ष पकडीवर वापरून पाहणे अधिक शहाणपणाचे.